राखणीची बंदूक

फोन आला तेव्हा मी गोठ्यात होतो. सकाळचे सहा वाजत आले होते, म्हशीची धार अर्धी झाली होती. धाकट्या भावाचा मुलगा न्यूझीलंडला असतो. आपल्याकडं पहाट असते तेव्हा तिकडं दुपारच्या जेवणाची सुट्टी, म्हणून त्याचे फोन नेहमी धारेच्या वेळेलाच येतात. मी मोबाइल उजव्या कानाला लावला. डावा कान माझा कामाचा नाही, त्याची हकिकत पुढं येईल.

"तात्या, एक इचारायचं हुतं. बंदुकीला दुर्बीण कुठली घालावी?"

मी म्हटलं, "कसली बंदूक? आन् तू कुणाला मारायला निघालायस बाबा?"

"सशास्नी."

मग त्यानं सगळं बयाजवार सांगितलं. तो ओटागो म्हणून भाग आहे तिथं गाईंच्या फार्मवर सहा वर्षं झाली कामाला आहे. ससा हा तिथला मूळचा प्राणी नाही. गोऱ्या लोकांनी तो खायला आणि शिकारीला म्हणून नेऊन सोडला, आणि त्याला खाणारं जनावर त्या मुलखात नव्हतं. मग काय, वाढला. गवत खाऊन बोडकं करतो आणि बिळं पाडून जमीन पोखरतो. आपल्या जमिनीतल्या सशांचा बंदोबस्त करणं हे तिथं मालकावर बंधनच आहे. मालकानं पुतण्याला लायसन काढायला लावलं. परीक्षा झाली, पोलिसांकडची माणसं घरी येऊन बंदूक ठेवायचं कपाट बघून गेली, हा माणूस डोक्यानं बरा आहे का म्हणून ओळखीच्यांना विचारून गेली. एवढं झाल्यावर त्यानं एक पॉइंट टू-टूची बोल्टची रायफल घेतली. आता तिला दुर्बीण आणि सायलेन्सर घ्यायचा होता. दुकानात गेला तर पन्नास प्रकार. पोरगं गांगरलं आणि चुलत्याला फोन केला.

"तुमच्याकडं इतकी वर्सं बंदूक हाय, तुमास्नी ठावं असंल."

खरं सांगायचं तर दुर्बिणीच्या बंदुकीला मी उभ्या आयुष्यात हात लावला नव्हता. पण पोरानं सात समुद्रापलीकडून विश्वासानं विचारलेलं. मला माहीत नाही असं म्हणायला जीभ रेटेना. म्हटलं, "आइतवारी फोन कर. बघून सांगतो."

आमच्या घरात पहिली बंदूक आली ती आजोबांच्या वेळेला. ठासणीची. नळीत दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा घालायचा, गजानं ठासायचं, मग छरे, परत बोळा, आणि शेवटाला टोपी बसवायची. एक बार काढून दुसरा भरेपर्यंत डुकरं दोन सऱ्या भुईमूग उकरून पलीकडच्या शिवारात गेलेली असायची. वडिलांनी तिच्या जागी एकनळी बारा बोअर घेतली, बाहेरून घोडा असलेली. वडील गेल्यावर लायसन माझ्या नावावर झालं. त्याला किती हेलपाटे पडले ते लिहायला बसलो तर दुसरा लेख होईल.

शेतकऱ्याला कसली बंदूक द्यायची ते सरकारनं कधीच ठरवून टाकलेलं आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक राखणीसाठी ठासणीची बंदूक म्हटलंय. ती पुरत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तरच बिनआट्याच्या नळीची दुसरी, आणि नळी वीस इंचांपेक्षा आखूड नको. गंमत म्हणजे त्याच कलमात पॉइंट टू-टूच्या रायफलीचंही नाव आहे, पण ती रायफल क्लबच्या सभासदाला, निशाण्याचा सराव करायला. म्हणजे आटे असलेली नेमकी मारणारी रायफल क्लबवाल्याला, आणि शेतकऱ्याला नुसता धडाका. पूर्वी मला याचा राग यायचा. आता येत नाही, का ते पुढं सांगतो.

आमचं गाव राधानगरी तालुक्यात. हे जंगल शाहू महाराजांच्या काळी दरबारी शिकारीचं रान होतं. कोल्हापूर दरबारात तर पाळलेले चित्ते काळविटांवर सोडायचे, त्याच्या गोष्टी आमचे आजोबा ऐकून होते. १९५८ साली दाजीपूरला गव्यांसाठी अभयारण्य झालं आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीवर बंधनं आली. आज आपल्याकडं ससा मारला तरी गुन्हा आहे. पुतण्याला तिकडं ससा मारला नाही तर मालक बोलतो. एकाच घरातली दोन माणसं, एकाला ज्यासाठी तुरुंग त्याच कामाचा दुसऱ्याला पगार.

रविवारपर्यंत चार दिवस होते. मी तीन ठिकाणी चौकशी केली. एक म्हणजे गावातले निवृत्त हवालदार, मराठा लाइट इन्फंट्रीत वीस वर्षं काढलेले. दुसरं नातीच्या मोबाइलवर. आणि तिसरं म्हणजे नात स्वतःच, कारण ती कोल्हापुरात शिकते आणि दुधाळीच्या रेंजवर नेमबाजी शिकायला जाते. आमच्या तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे २०२४ च्या १ ऑगस्टला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ घेऊन आला, तेव्हापासून इकडच्या पोरांना रायफलीचं वेड लागलंय. त्याच्या आधी तेजस्विनी सावंतनं २०१० साली म्युनिकला जगज्जेतेपद आणलं होतं. ती पण पॉइंट टू-टूच, पन्नास मीटरवरची. म्हणजे ज्या रायफलीबद्दल पुतण्या विचारत होता ती कोल्हापूरला नवीन नव्हती, मलाच नवीन होती.

आधी सायलेन्सरचं सांगतो, कारण त्यावर मी पहिल्यांदा हसलो होतो.

राखणीच्या बंदुकीचं कामच मुळी आवाज करणं. पौषातली रात्र, अंगावर घोंगडं, माळ्यावर बसलोय. आडसाली ऊस तोडीला आलेला. आत कडाकडा मोडल्याचा आवाज आला की नळी आभाळाकडं करून बार काढायचा. डोंगरावर जाऊन तो आवाज परत यायचा. खालच्या शिवारातला राखण्या हाळी द्यायचा, "कुठं हायत रंऽऽ?" मी ओरडून सांगायचो, "वड्याकडनं खाली सरकल्यात!" मग तो डबा बडवायचा, त्याच्या पलीकडचा गोफण फिरवायचा. एका बारावर चार शेतं जागी व्हायची. ज्यांच्याकडं बंदूक नव्हती त्यांचंही पीक माझ्या आवाजावर राखलं जायचं, आणि त्यांच्या डब्यावर माझं. असल्या बंदुकीचा आवाज दाबायचा म्हणजे न भुंकणारं कुत्रं राखणीला ठेवल्यासारखं. तसंही आपल्याकडं ते नळकांडं साध्या लायसनवाल्याला मिळत नाही. शस्त्र नियमांत ते निषिद्ध हत्यारांच्या वर्गात आहे, आणि बरंच आहे. जंगलाच्या कडेला ते कुणाला हवं असणार? राखण्याला नाही, चोरट्या शिकाऱ्याला.

पण पुतण्याचं म्हणणं वेगळं होतं. "तात्या, सायलेन्सर नुसतं नाव हाय. हितं सप्रेसर म्हणत्यात. गप्प काय होत न्हाई त्येनं, आवाज मऊ पडतो." त्याला ससे पळवून लावायचे नव्हते, तिथंच मारायचे होते. एक मारला की बाकीचे बिळात शिरायला नकोत. शेजारच्या कुरणात व्यालेल्या गाई असतात, त्या बुजायला नकोत. आणि सगळ्यात मोठं म्हणजे कान.

इथं मी गप्प झालो. माझा डावा कान त्या बारा बोअरनंच गेला. उजव्या खांद्यावर बंदूक लावणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडं होतो, त्यामुळं तो आधी जातो. हे मला कळलं ते कोल्हापूरच्या डॉक्टरकडून, तेही पन्नाशी उलटल्यावर. आम्ही कानात कापसाचा बोळासुद्धा कधी घातला नाही. बार काढल्यावर कानात अर्धा तास रातकिडे ओरडायचे, त्याला आम्ही हसायचो. नात रेंजवर जाते तेव्हा कानात बोळे घातल्याशिवाय तिला आत उभं करत नाहीत. पॉइंट टू-टूसारख्या पोरखेळ वाटणाऱ्या रायफलीचा आवाजसुद्धा कानाशी १४० डेसिबलच्या आसपास जातो, आणि कानाला इजा व्हायचा उंबरठा तेवढाच धरतात. सप्रेसर लावला की तो ११५-१२० वर येतो.

हे नळकांडं काम कसं करतं ते मला हवालदारांनी कागदावर काढून दाखवलं, आणि ते मला लगेच कळलं, कारण ते ताल घातल्यासारखंच आहे. उताराच्या रानात पावसाचं पाणी सरळ सोडलं तर माती घेऊन जातं. आडवे बांध घातले की प्रत्येक बांधाशी पाणी थबकतं, पसरतं, आणि खाली जाईपर्यंत त्याचा जोर मोडतो. नळकांड्यात तशाच आडव्या चकत्या असतात, मधोमध भोक पडलेल्या. गोळी भोकातून सरळ जाते. तिच्या मागचा तापलेला वायू प्रत्येक खणात अडतो, पसरतो, आणि तोंडातून बाहेर पडताना भुस्स करतो. ट्रॅक्टरच्या सायलेन्सरचं तत्त्व थोडंफार हेच.

पण एक गोष्ट मलाही ठाऊक नव्हती. बंदुकीचा आवाज एक नसतो, दोन असतात. एक तोंडावरच्या वायूचा, दुसरा गोळीचा स्वतःचा. आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास. गोळी त्याच्यापुढं गेली की आसुडाच्या टोकासारखी हवेत फाटकन वाजत जाते, आणि ती वाट संपेपर्यंत वाजतच असते. त्याला नळकांडं काही करू शकत नाही. म्हणून सप्रेसर घ्यायचा तर काडतूस पण मंद घ्यायचं, ३२० मीटरच्या आसपास जाणारं. पॉइंट टू-टूत ते सहज मिळतं. जोरकस काडतूस घालून वर महागडा सप्रेसर लावायचा म्हणजे घागरीला भोक ठेवून बुडाला कल्हई.

दुसरं, पॉइंट टू-टूची गोळी नागड्या शिशाची असते. तिचं शिसं आणि काजळी त्या खणांत साठत जाते. म्हणून उघडून धुता येईल असाच घ्यावा. बंद नळकांडं वर्षभरात शिशानं जड होऊन बसतं. आणि नळीच्या तोंडाला आटे सरळ पाडलेले पाहिजेत. केसभर जरी वाकडं बसलं तरी गोळी चकतीला घासून जाते, मग निशाणाही गेला आणि नळकांडंही. मी त्याला सांगितलं, ते आटे गावठी लेथवाल्याकडून पाडून घेऊ नकोस. तो म्हणाला, हितं गावठी लेथवालाच न्हाई.

दुर्बिणीचा विषय मात्र सोपा नव्हता.

दुर्बिणीवर आकडे असतात. चार गुणिले बत्तीस, तीन ते नऊ गुणिले चाळीस, असे. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसते, शेवटचा म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये. पुतण्याला वाटत होतं की आकडा मोठा तेवढा माल चांगला. कुणालाही वाटेल. मला पण वाटलं होतं. हवालदार म्हणाले, "पाटील, लांबचं जवळ दिसतंय तेवढं बाजूचं गायब हुतंय." चार पटीच्या दुर्बिणीतून शंभर मीटरवर साधारण दहा मीटर रुंदीचं रान दिसतं. बारा पटीच्या दुर्बिणीतून तेच तीन मीटर. सशाच्या मिशा दिसतील, पण त्याच्या मागं दोन हातांवर वासरू बसलंय ते दिसणार नाही. शिवाय बारा पटीत आपल्याच छातीचा ठोका दिसतो, काटा सशावर ठरत नाही.

उजेडाचं गणितही सोपं आहे. भिंगाच्या रुंदीला पटीनं भागायचं. बत्तीसला चारनं भागलं की आठ. एवढ्या मिलिमीटरचा उजेडाचा ठिपका डोळ्यात येतो. अंधारात तरण्या माणसाची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, माझ्यासारख्याची पाचच्या वर जात नाही. म्हणजे तिन्हीसांजेला चार-बत्तीसची स्वस्त दुर्बीण डोळ्याला हवा तेवढा उजेड देते. चाळीसचं भिंग नऊ पटीवर नेलं की साडेचार होतात, मग अंधारून आलंच.

आणि एक बारीक गोष्ट नातीनं सांगितली. मोठ्या रायफलींच्या दुर्बिणी शंभर यार्डांचा हिशेब धरून बसवलेल्या असतात. पॉइंट टू-टूसाठी पन्नास यार्डांच्या वेगळ्या मिळतात. चुकीची घेतली तर डोळा जरा इकडंतिकडं झाला की काटाही सशावरून सरकतो. ही मंद गोळी पन्नास मीटरला बरोबर जुळवली तर शंभर मीटरला जवळजवळ वीतभर खाली पडते. म्हणजे सशाची लढाई पन्नास-साठ मीटरांतच. तिला बारा पट कशाला?

ती असंही म्हणाली, "आबा, आमच्या रायफलीला दुर्बीण नसतीच." मला खरं वाटेना. मग तिच्याबरोबर एकदा रेंजवर गेलो. पन्नास मीटरवरच्या त्या कागदात दहा गुणांचा गोल असतो तो १०.४ मिलिमीटरचा, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. आणि रायफलीवर भिंग नाही. मागं एक बारीक भोक, पुढं एक कडं, बस्स. भोकातून कडं बघायचं, कड्यातून काळा गोल. कांबळवाडीच्या पोरानं ४५१.४ गुण मिळवले ते असल्या भोकातून बघून. तिथं मला कळलं की नेम धरायला भिंग लागतंच असं नाही. भिंग लागतं ते समोर काय आहे हे ओळखायला. रेंजवर समोर काय आहे हे आधीच ठाऊक असतं, रानात नसतं.

रविवारी फोन आला. मी माझा अभ्यास सांगितला, पोरगं खूश झालं. मग म्हणालं, "पर तात्या, आता उष्णतेची दुर्बीण निघालीया. रातचं काळंकुट्ट असलं तरी जनावराच्या अंगाची ऊब दिसती. मालक म्हणतोय निम्मे पैसे देतो. ससे रातचंच भाईर पडत्यात."

मी विचारलं, "त्यात ससा कसा दिसतो?"

"पांढरा."

"कुत्रं?"

"पांढरंच. मोठं."

"आन् माणूस?"

तो थांबला. "माणूसबी पांढराच की. पर हितं रातचं रानात माणूस कशाला येतोय?"

इथं मला ती गोष्ट सांगावी लागली. तोपर्यंत कुणालाच सांगितली नव्हती, बायकोलासुद्धा नाही.

१९९३ सालचा पौष. सलग चार रात्री डुकरांनी ओढ्याकडचा ऊस लोळवला होता. आवाजाला ती दाद देईनाशी झाली होती. बार काढला की पन्नास पावलं पळायची, विडी ओढून होईपर्यंत परत. माझं वय बत्तीस-तेहतीस, रक्त गरम. खोटं कशाला बोलू, त्या रात्री मी बार काढायला गेलोच नव्हतो. एक तरी आडवं पाडायचं म्हणून गेलो होतो. कायदा माहीत होता. नळीत एल.जी.चं काडतूस भरलं होतं, मोठ्या गोळ्यांचं. बॅटरी जवळ असून लावली नाही, लावली असती तर पळाली असती.

दोन वाजून गेले असतील. चांदणं नव्हतं. उसाच्या कडेला, माझ्यापासून पंचवीस पावलांवर, काळं काहीतरी हललं. जमिनीलगत, गोल पाठीचं. हललं, थांबलं, परत हललं. पाचोळा वाजला. माती उकरल्यासारखा चबक-चबक आवाज आला. मी म्हटलं, आलं. डुक्कर मुळाशी लागलंय. बंदूक खांद्याला लावली, अंगठ्यानं घोडा ओढला. नळीच्या टोकाची मक्षी त्या काळ्या पाठीवर आणून ठेवली. माझ्या डोळ्यापुढं त्या पाठीखेरीज काही नव्हतं. बाजूला पाट आहे, पाटात पाण्याची चमक आहे, हे मला दिसत असणारच, पण डोक्यापर्यंत पोचत नव्हतं. बोट चापावर गेलं होतं.

आणि ते खाकरलं.

माणसासारखं खाकरलं आणि उभं राहिलं. डोक्यावर घोंगड्याची खोळ, हातात खोरं. माझा धाकटा भाऊ. त्याचा पाण्याचा फेर दुसऱ्या दिवशीचा होता, पण रात्रीत लाईट आली म्हणून कुणाला न सांगता मोटर चालू करून पाणी पाजायला आला होता. वाकून दार मोडत होता. चबक-चबक होतं ते चिखलाचं.

घोडा चढवलेला, खाली काडतूस. तो अंगठ्यानं धरून हळू खाली सोडायचा असतो. माझा अंगठा इतका कापत होता की तो सुटतोय की काय असं वाटलं. नळी मातीकडं करून कसाबसा सोडला. काडतूस काढलं. भावाला हाक मारली नाही. तो परत वाकला, दुसऱ्या सरीला पाणी लावलं आणि पुढं गेला. उजाडेपर्यंत मी तिथंच बसलो होतो. सकाळी ते काडतूस आणि घरातली तसली आणखी चार विहिरीत टाकली. त्यानंतर त्या बंदुकीची नळी आभाळाशिवाय कशाकडं केली नाही.

भावाचं लग्न झालं होतं त्याच वैशाखात. हा पुतण्या पुढच्या वर्षी जन्मला.

फोनवर पोरगं बराच वेळ बोललं नाही. मला वाटलं लाईन तुटली. मग म्हणालं, "तात्या, हितं लायसनच्या परीक्षेला सात नियम पाठ करावं लागत्यात. चौथा नियम, निशाणी काय हाय त्येची पुरती खातरी करा. मी पाठ केल्ता."

मी त्याला सांगायचं होतं ते सांगितलं. हातात धरायची वेगळी दुर्बीण घे, आणि रान शोधायचं ते तिच्यानं. बंदुकीवरच्या दुर्बिणीनं शोधायला गेलास की जिथं बघशील तिथं नळी रोखली जाते, मग तो ससा असो, मालकाचा पोर असो. शोधून झालं, ओळखून झालं, मागं मातीचा उतार आहे हे बघून झालं, की मग बंदूक खांद्याला. पॉइंट टू-टूची गोळी बारीक दिसते, पण काडतुसाच्या खोक्यावरच लिहिलेलं असतं की ती दीड मैल जाते. पाण्यावर, दगडावर तर टणकन उडते. ऊब दाखवणारं यंत्र घ्यायचंच असलं तर तेही हातातलं घे, बंदुकीवर बसवू नकोस.

त्यानं काय घेतलं ते पंधरा दिवसांनी फोटोत दिसलं. चार पटीची ठरलेली दुर्बीण, पॉइंट टू-टूची, घुंड्या कमी असलेली. उघडून धुता येणारा सप्रेसर. मंद काडतुसांची दोन खोकी. गळ्यात हातातली दुर्बीण. मालकाचे निम्मे पैसे त्यानं घेतले नाहीत. मालकाला काय कारण सांगितलं कोण जाणे.

आमची बारा बोअर आता कपाटातच असते. निवडणूक लागली की ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की आणायची, तेवढाच तिचा प्रवास. डुकरं नाहीत असं नाही, उलट वाढलीत, आणि गवे तर आता दिवसाही उसात दिसतात. आवाजाला कुणी भीत नाही. कडेनं सौरऊर्जेच्या झटक्याची तार ओढली आहे, तिचा थोडा उपयोग होतो. खालच्या शिवारातून हाळी येत नाही, राखणीला कुणी बसतच नाही.

पुतण्यानं फोनवरचं बोलणं बापाला सांगितलं. मी सांगू नकोस म्हटलं नव्हतं, पण सांगेल असंही वाटलं नव्हतं. एका संध्याकाळी भाऊ गोठ्यात आला. मी वैरण कापत होतो. उलट्या पाटीवर बसला. तंबाखू मळली, मला दिली.

"दादा, पोरानं सांगितलं मला."

मी मान वर केली नाही. काय बोलायचं ते तीस वर्षं सुचलं नव्हतं, तेव्हा कुठलं सुचणार?

"मला ठावं हुतं की," तो म्हणाला.

"काय?"

"घोडा चढवल्याला आवाज आला मला. कट्टदिशी. माळ्याकडनं. आपल्या बंदुकीचा घोडा मला कळत न्हाई व्हय? म्हनूनच खाकरलो."

मी विळा खाली ठेवला. "मग इतक्या वर्सांत बोलला न्हाईस कधी?"

"तू बोललास व्हय?"

एवढं म्हणून तो उठला. ओढ्याकडच्या उसाला पाण्याचा फेर होता आणि लाईट आठ वाजता येणार होती. दाराशी गेल्यावर वळून म्हणाला, "बॅटरी दे तुझी. माझीतलं सेल गेल्यात."

मी दिली.